‘डॉक्टर’ म्हणजे शिकवणारा

या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांची नामावली द्यावयाची आहे. ती तयार करताना संपादक मंडळापुढे एक अडचण उभी राहिली व ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली. वैद्यकीय पदवी घेतलेल्यांच्या नावापुढे ‘डॉ.’ छापावयाचे, विद्यापीठाची पीएच.डी. मिळविलेल्यांच्या नावापुढेही छापावयाचे, याविषयी वाद नव्हता. परंतु काही बंधुभगिनींनी आपल्या माहितीपत्रकात ‘मानद डॉक्टरेट’ अशी नोंद केली होती. त्यांच्या नावापुढे ‘डॉ.’ छापावे काय? प्रश्न एका अक्षराचा आणि एका टिंबाचा. पण उत्तर देण्यास मला आठवडा लागला.

माझे मत आधीच सांगून टाकतो. छापू नये. हे मत कोणाचा अवमान करण्यासाठी नाही. ते का झाले, हे सविस्तर सांगणे मात्र माझे कर्तव्य आहे.

दोन वर्षांपूर्वी मलाही असेच एक पत्र आले. माझ्या ‘दीर्घ शैक्षणिक सेवेची दखल’ घेऊन एक संस्था मला डॉक्टरेट देऊ इच्छीत होती. पत्र वाचून घरातील मंडळी आनंदली. दुसऱ्या पानावर समारंभाचे ठिकाण, झगा आणि टोपी यांचे भाडे, छायाचित्रांचा संच आणि ‘सहयोग निधी’ म्हणून एक आकडा दिलेला होता. तो आकडा माझ्या दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाहून अधिक होता. पस्तीस वर्षे वर्गात खडू झिजवला त्याची दखल घेण्यासाठी आणखी मलाच पैसे मोजावे लागणार, हा हिशेब मला जमला नाही. पत्र मी ठेवून दिले. पण ते फाडून टाकण्याचा धीर झाला नाही, हेही कबूल केले पाहिजे.

तो मोह का होतो, हे मी जाणतो. ज्या समाजातील माणसांना पिढ्यान्‌पिढ्या एकेरी हाक मारली गेली, ज्यांच्या आजोबांचे नाव गावात अर्धवट उच्चारले जाई, त्या समाजाला नावापुढील आदरार्थी अक्षराचे मोल इतरांहून अधिक वाटावे, यात नवल नाही. शिवाय आपल्या घरांत ‘डॉक्टर’ हा शब्द दवाखान्याच्या आधी येतो. भिंतीवरील तसबिरीखालच्या नावात तो पहिला असतो आणि मूल तो अक्षरे जुळवून वाचावयास शिकते. म्हणूनच या शब्दाचा अर्थ आपण इतरांपेक्षा अधिक काळजीने समजून घेतला पाहिजे, असे मला वाटते.

मराठीत ‘डॉक्टर’ म्हटले की तपासणारा, सुई टोचणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. माझ्या एका सहकाऱ्याला इतिहासात पीएच.डी. मिळाली तेव्हा त्याच्या आजीने गुडघ्याचे दुखणे काढले होते. नातू जुन्या नाण्यांचा डॉक्टर आहे, हे समजल्यावर ती बरीच हिरमुसली. परंतु मूळ शब्दाशी औषधाचा संबंध नाही. लॅटिन भाषेत ‘दोकेरे’ म्हणजे शिकवणे. त्यावरून ‘डॉक्टर’ म्हणजे शिकवणारा. मध्ययुगीन युरोपात बोलोन्या येथे कायद्याचे आणि पॅरिस येथे धर्मशास्त्राचे अध्ययन करून जो पुढे जाई, त्याला इतरांना शिकविण्याचा परवाना मिळे. आजच्या पदवीचा उगम त्या परवान्यात आहे. वैद्यकशास्त्र हा त्या विद्यापीठांतील एक विषय होता. त्यातील ‘डॉक्टर’ लोकांच्या रोजच्या कामाचे ठरले आणि शब्द त्यांच्याकडे गेला. म्हणजे आजीचा रोष कितीही खरा असला, तरी शब्दाचा पहिला धनी शिक्षकच.

या इतिहासातील एक प्रसंग मला विशेष बोलका वाटतो. शिकविण्याचा परवाना देण्यासाठी चर्चचे अधिकारी पैसे मागू लागले, तेव्हा ११७९ साली रोम येथे भरलेल्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेला नियम करावा लागला की, या परवान्यासाठी कोणीही शुल्क मागू नये आणि लायक माणसाला तो नाकारू नये. पदवी विकण्याचा धंदा साडेआठशे वर्षे जुना आहे आणि त्याविरुद्धचा नियमही तितकाच जुना आहे! नियमाचा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

आज आपण जिला पीएच.डी. म्हणतो ती त्या मानाने अलीकडची. १८१० मध्ये बर्लिन येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले आणि जर्मन विद्यापीठांत अशी धारणा रुजली की, प्राध्यापकाने जुने ज्ञान पुढे देणे पुरेसे नाही. त्याने स्वतः नवे ज्ञान शोधले पाहिजे. धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक सोडून उरलेले बहुतेक विषय तेथे तत्त्वज्ञान शाखेत मोडत. म्हणून अर्थशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या संशोधकालाही ‘डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी’ म्हणत. ‘फिलॉसॉफी’ या ग्रीक शब्दाचा अर्थ प्रज्ञेविषयीचे प्रेम. आपल्या परिभाषेत सांगायचे तर प्रज्ञा आणि मैत्री एकाच शब्दात आल्या आहेत. अमेरिकेने ही पदवी जर्मनीकडून घेतली. येल विद्यापीठाने १८६१ मध्ये ती प्रथम दिली. ऑक्सफर्डने मात्र १९१७ पर्यंत तिला दारात उभे केले नव्हते.

मराठी प्रमाणपत्रांवर या पदवीला ‘विद्यावाचस्पती’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पण मला तो कधीच पटला नाही. वाचस्पती म्हणजे वाणीचा स्वामी. त्यात अधिकार आहे, शिकविण्याची जबाबदारी नाही. याच्या तुलनेत आपल्या विनयपिटकातील व्यवस्था पाहा. नवख्या भिक्खूला उपसंपदा देणारा उपाध्याय होण्यासाठी किमान दहा वर्षे संघात काढलेली असावी लागत आणि तो जाणकार व समर्थ असावा लागे. वर्षे भरली पण समज आली नाही, तर चालत नसे. पुढे नालंदा येथे प्रवेशापूर्वीच द्वारपंडित प्रश्न विचारीत आणि बाहेरून आलेल्या दहांपैकी सात-आठ जण तेथूनच परत फिरत, असे ह्यू-एन-त्संगाने नोंदविले आहे. महापरिनिब्बान सुत्तातील ‘आचार्यमुष्टी’ हा शब्द तर प्रत्येक संशोधकाने टेबलावर लिहून ठेवावा असा आहे. काही आचार्य विद्येचा शेवटचा भाग मुठीत झाकून ठेवीत. आपल्याजवळ अशी झाकलेली मूठ नाही, असे तथागतांनी आनंदाला सांगितले.

परीक्षा आणि उघडी मूठ या दोन गोष्टी एकत्र पाहावयाच्या असतील तर बाबासाहेबांच्या पदव्यांचा इतिहास पाहावा. त्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. त्यामागील सालांचे गणित मात्र आपण फारसे मांडत नाही.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ मध्ये न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंध दिला आणि तो मान्यही झाला. तरीही पदवी त्यांच्या हाती पडली ती १९२७ च्या ८ जूनला. मधली अकरा वर्षे कोठे गेली? कोलंबियाचा नियम असा होता की, प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला सादर केल्याखेरीज पदवी मिळावयाची नाही. परीक्षकांना पटले एवढे पुरेसे नव्हते. ते ज्ञान छापील ग्रंथ होऊन कोणालाही वाचता, तपासता आणि खोडून काढता आले पाहिजे, ही अट होती. मूठ उघडल्यावाचून ‘डॉक्टर’ नाही.

आणि छपाईला पैसे लागत. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपून ते लंडनहून परतले. बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही, ती हकीकत आपण सर्व जाणतो. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज काढले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी सादर केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो परत केला. ब्रिटिश राज्यव्यवस्थेवरील टीका त्यांना झोंबली होती आणि प्रबंध नव्याने लिहावा, असे त्यांचे म्हणणे होते. जवळचे पैसे संपले होते. बाबासाहेब एप्रिलमध्ये मुंबईला आले, येथे बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला, ऑगस्टमध्ये पाठविला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळविली. निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांनी या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली आणि तीत आपला मतभेद स्पष्टपणे नोंदविला. गुरूने शिष्याशी असहमत राहूनही त्याच्या ग्रंथाची शिफारस करावी, याहून मोठे प्रमाणपत्र मला माहीत नाही.

कोलंबियाचा प्रबंध विस्तारित स्वरूपात १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’. प्रस्तावना प्रा. सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीरावांना. दोन वर्षांनी पदवी आली. १९२७ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. २० मार्चला महाडचे चवदार तळे, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक, ८ जूनला पीएच.डी., २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. पदवी हाती आली तेव्हा पदवीधर शिकविण्याच्या कामात कधीच गढून गेला होता. वर्ग मात्र कॉलेजच्या भिंतींत मावणारा नव्हता.

बाबासाहेबांना मानद पदव्याही मिळाल्या. कोलंबियाने १९५२ मध्ये एल्‌एल.डी. आणि उस्मानिया विद्यापीठाने १९५३ मध्ये डी.लिट. देऊन त्यांचा गौरव केला. म्हणजे मानद पदवी मुळातच खोटी, असे माझे म्हणणे नाही. तिचे खरे रूप पाहावयाचे असेल तर आपल्याला न्यू यॉर्कला जाण्याची गरज नाही. महामार्ग ओलांडून सोपाऱ्यास गेले तरी पुरे.

सोपाऱ्याचा स्तूप आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. १८८२ च्या एप्रिलमध्ये, ज्याला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत, त्या टेकाडाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. आत दगडी पेटी होती. तीत एकात एक ठेवलेले करंडक, सर्वांत आतला सोन्याचा, आणि त्यात भिक्षापात्राचे मानलेले तुकडे. भोवती बुद्धांच्या धातूच्या लहान मूर्ती. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच सोपाऱ्यात मिळाला. हे भगवानलाल जुनागढचे. कोणत्याही विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून चढले नव्हते. इंग्रजी जेमतेम, लेख गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्यांचे भाषांतर करीत. भाऊ दाजींच्या सहवासात ते घडले, देशभर पायपीट करून त्यांनी शिलालेखांचे ठसे घेतले आणि ब्राह्मी अक्षरे वाचली. सोपाऱ्याचा वृत्तान्त त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्यांनी अर्ज केला नव्हता, निधी भरला नव्हता. कामाला आधीच साऱ्या विद्वानांनी तपासले होते. विद्यापीठाने केवळ मोहर उमटविली. ज्याला परिस्थितीने परीक्षेला बसू दिले नाही, त्याच्याकडे पदवी स्वतः चालत आली. ११७९ च्या नियमाचा दुसरा भाग, लायक माणसाला नाकारू नये हा, येथे पाळला गेला, असे मला वाटते.

गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी हार्वर्डला गेले ते ‘विसुद्धिमग्ग’ या पालि ग्रंथाच्या संपादनासाठी, विद्यार्थी म्हणून नव्हे. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी हार्वर्डचे साधे पदवीधर; पीएच.डी. त्यांनी केलीच नाही आणि तरीही गणितात व इतिहासात अनेक डॉक्टरांना त्यांनी धडे दिले. पदवी नसलेला विद्वान असू शकतो. अडचण उलट बाजूची आहे.

त्या बाजूला कायदा स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील २२ व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. नोंदणीकृत न्यास, अकादमी, परिषद यांपैकी कोणालाही तो नाही, मग प्रमाणपत्रावर कितीही सोनेरी वेलबुट्टी असो. बनावट विद्यापीठांची यादी आयोग वेळोवेळी जाहीर करतो; ती पाहण्यास पाच मिनिटे लागतात. आणि अस्सल विद्यापीठाने मानद पदवी दिली तरी ती नावापुढे लावू नये, असा जगभर प्रघात आहे. नावानंतर तिचा उल्लेख करावा, कोणत्या विद्यापीठाने व कोणत्या साली दिली ते लिहावे.

परंतु विकत घेतलेल्या पदव्यांवर बोटे मोडून आपण मोकळे होऊ नये. रीतसर मार्गावरही काटे कमी नाहीत आणि काही आपणच पेरले आहेत. प्रबंध लिहून देणारी दुकाने शहराशहरांत आहेत. २०१८ च्या नियमांनुसार साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळला तर नोंदणीच रद्द होते; असा नियम करावा लागला, यातच सारे आले. उलट, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या मुलांना अधिछात्रवृत्तीच्या पैशांसाठी आझाद मैदानावर बसावे लागते. २०२३ च्या नागपूर अधिवेशनात तर पीएच.डी. करून ही मुले असा कोणता दिवा लावणार आहेत, असा सूर ऐकू आला. त्या वाक्यावर आपल्याकडे संताप झाला, तो योग्यच होता. पण सभागृहात तो सूर निघण्याआधी आपल्या घरांत निघालेला मी ऐकला आहे. तीस वर्षांचा मुलगा अजून ‘शिकतोच’ आहे, मुलीचे वय निघून चालले आहे, शेजारच्याने कधीच फ्लॅट घेतला! अकरा वर्षे थांबलेल्या माणसाची तसबीर भिंतीवर असते आणि तिच्याखाली हे बोलणे चाललेले असते.

संपादक मंडळाला मी लेखी उत्तर दिले ते असे. पीएच.डी. झालेल्यांच्या नावाखाली प्रबंधाचा विषय, विद्यापीठ आणि साल छापावे, म्हणजे दहावीतील मुलाला कळेल की आपल्या शाळेतून गेलेल्या ताईने नेमके काय शोधले. अस्सल विद्यापीठाची मानद पदवी असेल तर ती नावानंतर नोंदवावी. इतर प्रमाणपत्रे घेणाऱ्यांचे समाजकार्य दोन ओळींत सन्मानाने लिहावे. ज्यांनी वीस वर्षे रात्रशाळा चालविली त्यांना उसन्या अक्षराची गरज काय? आणि प्रत्येक संशोधकाने प्रबंधाची एक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावी व एक तास मुलांपुढे, साध्या मराठीत, आपले संशोधन समजावून सांगावे. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आज हजारो प्रबंध कोणालाही फुकट वाचता येतात, हे चांगलेच आहे. पण वसतिगृहातील मुलाला प्रश्न विचारता येईल असा माणूस समोर उभा राहणे वेगळे.

शेवटची सूचना मला एका मुलीमुळे सुचली. ती आपल्याच विद्यालयाची माजी विद्यार्थिनी. या परिसरातील वीटभट्ट्यांवर कुटुंबासह येणाऱ्या कातकरी मजुरांवर ती संशोधन करीत आहे. गेल्या वर्षी मजुरीचे प्रकरण पूर्ण झाल्यावर ती ते घेऊन भट्टीवर गेली आणि ज्यांच्याकडून माहिती घेतली होती त्यांना वाचून दाखविले. मार्गदर्शकाने तसे सांगितले नव्हते. वाचन संपल्यावर एक वृद्धा म्हणाली, “बाय, हजार इटांची मजुरी लिवलीस ती बरोबर. पन अवकाळी पावसानं भिजून गेल्या त्या इटा कुनाच्या माथी मारतात, त्ये नाय लिवलंस.” कच्ची वीट पावसाने विरघळली की ती मोजणीत धरत नाहीत, केलेले श्रम वाया जातात आणि उचल तशीच अंगावर राहते. साऱ्या आकडेवारीत ही गोष्ट सुटली होती. 

ते प्रकरण तिने पुन्हा लिहिले; त्यासाठी सहा महिने गेले आणि अधिछात्रवृत्तीची मुदतही त्यातच संपली. प्रबंध अजून सादर व्हावयाचा आहे. यंदाच्या नामावलीत तिचे नाव ‘डॉ.’विना छापले जाईल. ग्रंथालयाला प्रत देण्याचे तिने कबूल केले आहे, आणि एक प्रत भट्टीवरही नेऊन वाचणार आहे.